बी धरलं ते साल

"ह्यालाबी बुडवायचं?" हौसानं विचारलं.

मी घोटाभर चिखलात वाकून रोप उपटत होतो. वर न बघताच म्हणालो, "नर हाय. बुडवायचाच."

"नर झाला म्हणून बुडवायचा. माणसांत असला कायदा पाहिजे होता बघ, गेनबा. निम्मी गावं सुखी झाली असती."

असं बोलायची ती. स्वतः हसायची नाही, तोंड अगदी सरळ ठेवून बोलायची, आणि मी येड्यासारखा हसत बसायचो. भादव्यातलं कडक ऊन होतं, गौरी आदल्याच दिवशी गेल्या होत्या आणि धरण काठोकाठ भरलं होतं. मधल्या टेकाडावर आम्ही दोघंच. चहूकडं पाणी, त्यावर एक होडी, ती पण तिचीच. मला वाटायचं, हे धरण असंच भरलेलं राहावं, कधी ओसरूच नये.

आता टेकाडाचं आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा बाबा कुठल्या बेटावर जाऊन बसला होता. धरण व्हायच्या आधी ते आमच्या गावामागचं साधं टेकाड होतं. शेरडं चरायची तिथं. गाव उठलं, पाणी आलं, आणि टेकाडाचा तेवढा माथा वर राहिला. उन्हाळ्यात पाणी हटलं की चालत जाता यायचं, पण आषाढापासून पार संक्रांत होईपर्यंत होडीशिवाय वाट नाही. कडेनं बेशरमाची दाट झुडपं, आत वेड्या बाभळी. सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही, सगळं सरकारचं. म्हणजे उद्या तिथं काही सापडलंच, तर धरायचं कुणाला?

हे डोकं माझं नव्हे बरं का. हे अंबादास दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आईबाप गेल्यापासून मी त्याच्याच गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचो, त्याच्याच ताटातलं खायचो, आणि तो म्हणेल ते करायचो. पूर्वी तालुक्याच्या गावी गांजाचं सरकारमान्य दुकान होतं, म्हातारेकोतारे उघड्यावर पुडी घेऊन जायचे. मग कायदा कडक झाला, दुकानाला टाळं लागलं आणि दादाचं डोकं चालायला लागलं. कुठून तरी लांबून एक पिशवीभर बी आणलं त्यानं. लावायचं मी, राखायचं मी, काढायचं मी. शहरात नेऊन विकायचं तेवढं तो. वर्षाकाठी टेकाडावर एकदाच यायचा, माल काढायच्या वेळी. पाण्याला भ्यायचा गडी. होडीत बसला की दोन्ही कडा धरून डोळे मिटून घ्यायचा.

आणि होडी हौसाची. हौसा भोयाची. नवरा काविळीनं गेला तेव्हा पदरात पोर नाही, घरात गुडघ्यांनी बसलेली सासू, आणि दारात नवऱ्याची होडी. दुसरी असती तर माहेरी गेली असती. हिनं दुसऱ्या महिन्यात वल्हं हातात घेतलं आणि चिलापी मासळी धरायला लागली. दादानं तिला सांगून ठेवलं होतं, गेनूला टेकाडावर न्यायचं आणायचं, बाकी तोंड बंद. ती तोंड बंद ठेवणारी होतीच. पण पाण्यावर, माझ्यासमोर, ते तोंड असं सुटायचं की काय सांगू. कोण पंच कुठल्या बाईच्या मागं, कुणाच्या जाळ्यात मासा कमी आणि चप्पल जास्त, सगळं. तिसरं साल होतं ते आमचं. तीन पावसाळे मी त्या बाईच्या समोर बसून पाणी कापत होतो, आणि माझा जीव तिच्यात गुंतला होता. सरळच सांगतो. आता या वयात कसली लाज.

मग विचारलं का नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. तर त्याला कारण होतं. त्यांच्या वस्तीत विधवेचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न व्हायचं, त्याला कुणाची ना नव्हती. मी भोयाचा नव्हतो, त्यावर जरा कुरबुर झाली असती, पण वस्तीला जेवण दिलं की मिटली असती. अडत होतं ते होडीपाशी. वस्तीची रीत अशी की बाईनं पाट लावला की पहिल्या नवऱ्याची होडी दिराकडं जाते. मग नव्या नवऱ्यानं स्वतःची होडी घेऊन दारात यायचं. होडी नसेल तर बाईनं जायचं कुठं आणि सासूला घालायचं काय? दीर म्हातारीला विचारत नव्हता, आणि हौसा सासूला सोडून येणारी नव्हती. सासूला ती आत्या म्हणायची, आणि त्या आत्याला पाठीवर घेऊन परसाकडं नेताना मी तिला माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मला दादाच्या खोलीत झोपायला जागा होती, पण दुसरं माणूस आणायला नव्हती. म्हणजे माझं सगळं होडीवर येऊन थांबलं होतं.

तेव्हा मी मनाशी बेत केला होता. त्या सालचा माझा वाटा दादाकडून उचलायचा, पलीकडच्या सुताराकडून नवी होडी बांधून घ्यायची, डांबर लावून चकचकीत करायची, आणि एक दिवस सकाळी तिच्या दारापुढं लावायची. मग विचारायचं. त्याआधी एक शब्द बोलायचा नाही. माझी अक्कल बघा. होडी बघून ती काय तोंड करेल, या एका विचारावर मी तो अख्खा पावसाळा काढला.

तर, तो भादव्यातला दिवस. नर ओळखायचे आणि उपटायचे, हे त्या धंद्यातलं मोठं काम. एक नर जरी उभा राहिला तरी वाऱ्यानं सगळ्या मादींना बी धरतं, आणि बी धरलं की माल गेला. शहरातला माणूस तुरा चोळतो, तळहातावर बी पडलं की फेकून देतो. म्हणून मी डोळ्यात तेल घालून एकेक रोप बघायचो. उपटलेले नर काठावर टाकले तर वास सुटायचा, येणाजाणाऱ्या भोयांना कळायचं. म्हणून त्यांची पेंडी बांधून, दगड लावून, होडीनं मधल्या खोल पाण्यात सोडायची. हे काम हौसाचं.

तिला आपली खोड, सगळं विचारायची. त्या दिवशी म्हणाली, पुढच्या सालाचं बी कुठलं आणणार? मी सांगितलं की पिशवी संपली. देणारा माणूस आत गेलाय, आता मिळायचं नाही. आणि सांगता सांगता मला माझी होडी आठवली, आणि काय तो शहाणपणा सुचला, म्हणालो, "मिळालं तरी आणणार न्हाई. औंदा शेवटचं. पुढच्या साली मी ह्या टेकाडावर पाय ठेवणार न्हाई."

ती पेंडी बांधत होती. हात थांबला तिचा.

"मग काय करणार?"

"बघू की," मी म्हणालो. आणि हसलो. मला वाटलं, कसं गुपित ठेवलं बुवा आपण.

तिनं पेंडी उचलली आणि म्हणाली, तू कर तुझं खुरपणं, मी टाकून येते. एरवी आम्ही दोघं जायचो. त्या दिवशी ती एकटी गेली आणि टेकाडाला वळसा घालून दिसेनाशी झाली. मी आपला खुरपत बसलो. परत आली तेव्हा तिचं पातळ गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, होडी चिखलात रुतली होती. मी म्हटलं असेल.

त्यानंतर ती कमी बोलायला लागली. माझ्या ध्यानात आलं, पण मी त्याचा भलताच अर्थ लावला. मला वाटलं, हिच्या पण मनात आहे आणि ही लाजतेय. माणूस खुळा झाला की त्याला सगळं आपल्याच बाजूचं दिसतं. दसरा गेला, दिवाळी गेली. झाडं माझ्या डोक्यावर गेली, वारं पडलं की संध्याकाळी त्यांचा वास पाण्यावरून पार वस्तीपर्यंत जायचा. त्यावर तोड तिनंच काढली. टेकाडाच्या कडेनं तिनं चिलापी वाळत घातली. सुक्या मासळीच्या वासापुढं कुणाची टाप आहे! जाणारा भोई नाक दाबून म्हणायचा, हौसे, किती वाळवतीस गं. ही म्हणायची, माझ्या सासरच्यांना पुरंना.

एकदा दुपारी आम्ही बाभळीखाली भाकरी खात बसलो होतो. तिनं कालवण आणलं होतं. खाता खाता ती अचानक म्हणाली, "मुलूख लई मोठा असतो न्हाई रे? माणूस एकदा गेलं की गेलं."

"कोण गेलं?"

"कुणी न्हाई. आपलं म्हणलं." मग माझ्या भाकरीवर आणखी कालवण वाढून ती हात धुवायला पाण्याकडं गेली. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, अगं बाई, मी कुठं जात नाही, मी तुझ्यासाठीच होडी घेतोय. पण सुताराला अजून सांगायचं होतं, वाटा हातात यायचा होता. म्हटलं, अजून थोडे दिवस. तो घास मी तसाच गिळला.

मार्गशीर्षात माल काढायचा ठरला आणि अंबादास दादा आला. होडीतून उतरला तेव्हा अंगाला घाम. पण झाडं बघितली आणि गडी खुलला. माझ्या पाठीवर थाप मारली त्यानं, जन्मात पहिल्यांदा. म्हणाला, औंदा गेन्या तुझं सोनं झालं. मी हौसाकडं बघितलं. ती होडीच्या टोकावर पाठ करून बसली होती.

दादानं एक तुरा तोडला. नाकाला लावला. मग दोन्ही तळहातांत धरून चोळला आणि हात उघडले.

बी होतं. पिकलेलं, करडं, टपोरं बी.

त्यानं दुसरा तुरा तोडला. मग तिसरा. मग तो पिसाळल्यासारखा एका झाडाकडून दुसऱ्याकडं पळायला लागला, आणि जिथं चोळेल तिथं बी. मी स्वतः जाऊन चोळून बघितलं. माझी नवी होडी, तिचं डांबर, ती सकाळ, सगळं त्या तळहातावर मला दिसत होतं आणि बोटांतून गळत होतं. त्यात काही उरलं नव्हतं.

"नर राह्यलाय," दादा म्हणाला. आवाज अगदी हळू. तो हळू बोलायला लागला की मी घाबरायचो. "कुठं तरी उभा राह्यलाय. तू ह्या अंगानं बघ, मी त्या अंगानं बघतो. आणि ती भोईण कुठं असायची रं ह्या दिवसांत? कुणी तिला काही दिलंबिलं तर न्हाई?"

मी म्हणालो, ती बिचारी होडी सोडून उतरत पण नाही. आणि बाभळींत घुसलो.

शोधून सापडलं ते टेकाडाच्या पार मागच्या कडेला, बेशरमाच्या जाळीत, पाण्यापासून दोन हातांवर. मी एकही नर सोडला नव्हता, हे मला शपथेवर माहीत होतं. आणि तरी तिथं एक नर उभा होता. आपलं काम करून वाळून गेलेला, पण उभा. त्याच्या बुडाला मातीचा ओटा केलेला होता. भोवतीनं बाभळीचे काटे लावले होते, गुरं नाहीत, ढोरं नाहीत, कुणापासून राखायचं होतं कोण जाणे. आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून त्याला एका काठीला बांधलं होतं. बांधलेली चिंधी पिवळ्या काठाची होती. ते पातळ मी रोज बघत होतो.

मी किती वेळ तिथं उभा राहिलो सांगता येत नाही. मागून दादाचा आवाज आला तसा भानावर आलो. चिंधी सोडली, कमरेला खोचली. झाड उपटलं, काठी उपटली, काटे विस्कटले आणि सगळं पाण्यात ढकलून पायानं चिखलात दाबलं. मग परत गेलो आणि म्हणालो, "दादा, माझ्याच नजरंतनं सुटला एक. वाळून पडला हुता. चूक माझी."

त्यानं मला मारलं. कानाखाली मारलं, पडल्यावर लाथ घातली. मी हात वर केला नाही. त्याला जे बोलायचं ते बोलला, आईबापांवरून, खाल्लेल्या ताटावरून. शेवटी म्हणाला की आज रात्री माझ्या खोलीत दिसलास तर तंगडी मोडीन. आणि हौसाला ओरडून म्हणाला, चल, मला सोड काठाला. ह्याला ठेव हितंच, खाऊ दे बी.

ती त्याला घेऊन गेली. मी त्या बी धरलेल्या झाडांमध्ये बसून राहिलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं, बाई, तुझं मी काय वाकडं केलं होतं? कुणी तुला फितवलं? का माझी टिंगल करायची होती? ती परत आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी होडीत चढलो, तिच्यासमोर बसलो आणि कमरेची चिंधी काढून मधल्या फळीवर ठेवली.

तिनं चिंधीकडं बघितलं. माझ्या सुजलेल्या गालाकडं बघितलं. वल्हं आडवं टाकलं आणि आम्ही तसेच पाण्यावर थांबलो.

"का गं?" मी विचारलं.

"बी संपलं म्हणालास."

"मग?"

"मग बी असलं तर येशील, म्हणलं." ती पाण्याकडं बघत बोलत होती. "पेंडीतला एक मुळासकट हुता. लावला. जगंल का न्हाई म्हाईत नव्हतं. तू म्हणालास, पुढच्या सालाला पाय ठेवणार न्हाई. तू कुठं जाणार ते सांगितलं न्हाईस. मी कुठल्या तोंडानं इचारू? मी कोण तुजी? टेकाडापायी येत हुतास, टेकाडापायीच आला असतास. माल बिघडंल ते मला म्हाईत हुतं. पण एका सालाचा बिघडंल, असं वाटलं मला. तुला मारतील, हे न्हाई वाटलं."

एवढं बोलून ती रडायला लागली. ती बाई, जी नवरा गेला तेव्हा वस्तीसमोर रडली नाही म्हणून नावं ठेवून घेतलेली, ती माझ्यासमोर गुडघ्यात तोंड घालून रडत होती. तीन सालं मला जे ऐकायचं होतं ते तिनं सांगून टाकलं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण. आणि त्याच वेळी काळजात असं काही तुटलं की ते मला अजून जोडता आलेलं नाही.

कारण सांगायचं तर आता सांगायला पाहिजे होतं. की हौसा, मी टेकाड सोडणार होतो ते तुझ्याजवळ राहायला. ह्याच मालातून तुझ्या दारात होडी येणार होती. पण ते सांगणं म्हणजे तिला सांगणं, की तुझ्याच हातानं तू ती होडी बुडवलीस. तिचे हात बघितले मी. वल्ह्यानं घट्टे पडलेले हात. मला ते जमलं नाही.

"बरं केलंस," मी म्हणालो. "बी ठेव सांभाळून. मी मृगाला येतो."

"खरं?"

"खरं."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि वल्हं उचललं. काठाला उतरलो तेव्हा ती म्हणाली, वाट बघते. हे दोन शब्द मी किती वेळा मनात घोळवले असतील, त्याला गणती नाही.

त्याच आठवड्यात एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं मला भिवंडीला नेऊन सोडलं. यंत्रमागावर लागलो. मनात एकच, होडीपुरतं जमवायचं आणि परत यायचं. मृग आला. माझ्याकडं होडीच्या फळ्या येतील एवढंसुद्धा नव्हतं. गेलो असतो तसाच, तर काय घेऊन उभा राहिलो असतो तिच्या दारात? दादानं तर काठाला फिरकू दिलं नसतं. तिला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता, म्हणजे निरोप धाडायचा तर तिसऱ्याच्या तोंडून, आणि वस्तीत तिची अब्रू गेली असती. म्हटलं, अजून एक साल. मग टायफॉइड झाला, त्यात जमवलेलं गेलं. म्हटलं, अजून एक. झोपायला आलो तरी कानात मागाचा खडखडाट चालू असायचा आणि मी डोळे मिटून पाणी कापायचो. शेजारचा कामगार म्हणायचा, गेनू झोपेत हात कसले हलवतोस?

होडीचं जमलं तेव्हा चौथा पावसाळा सरत आला होता. सुट्टी टाकली, धुतलेले कपडे घातले आणि पैसे कमरेला बांधून गेलो. आधी सुताराकडं नाही, आधी तिच्याकडं. झालं तेवढं शहाणपण पुरे होतं.

तिच्या झोपडीत तिचा दीर राहत होता. होडी पण त्याच्याच दारात. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. दिराच्या बायकोनं पाणी दिलं आणि सांगितलं, हौसाचा पाट लागला की पल्याडच्या वस्तीत. म्हातारीला पण घेऊन गेली. दुपारच्याला मासळी घालायला येती हिकडं. तुम्हाला पल्याड एस.टी. धरायची असंल तर तिच्याच होडीत बसा, सोडील.

मी बसून राहिलो. पळून जावं असं दहादा वाटलं, पण पाय निघाले नाहीत. मला ती बघायची होती.

ती आली. अंगानं भरली होती. पाठीशी झोळीत एक पोर झोपलेलं. मला बघून वल्हं तिच्या हातात तसंच राहिलं, पण क्षणभरच. म्हणाली, "गेनबा. किती वाळलास रे."

मासळी उतरवली, माझं गाठोडं तिनंच होडीत ठेवलं आणि आम्ही निघालो. मग तिनं आपणहून सांगितलं. नवरा बरा आहे, दारू पीत नाही, आत्याला आई म्हणतो. त्याची आधीची बायको गेलेली, त्याला पण कुणी नव्हतं. टेकाड डाव्या हाताला आलं. तिथं आता बाभळी आणि बेशरम, दुसरं काही दिसत नव्हतं.

"त्या मृगाला मी बी टाकलं हुतं तिथं," ती म्हणाली. "एकलीनंच. तू येशील तवा बघशील म्हणलं. कमरंएवढी झाली. भादव्यापर्यंत वाट बघितली. मग पोलिसांची होडी फिरायला लागली. मंग एक दिवस जाऊन सगळीच उपटली. नर, मादी, सगळी. बुडवून आले."

पोर जागं झालं, तिनं मान वळवून त्याला चुचकारलं, ते पुन्हा झोपलं.

"दिराला पोरं झाली, त्याला होडी पाहिजे हुती," ती म्हणाली. "आत्या म्हणाली, किती दिस बघतीस आता. मग लावला पाट."

"बरं केलंस."

"एक इचारू?" तिनं वल्हं थांबवलं नाही, पण हात मंद झाले. "लई दिस मनात हाय. आत्याला सुदिक सांगितलं न्हाई. त्या साली मी ते झाड ठेवलं नसतं, माल चांगला गेला असता, तर तू काय करणार हुतास?"

पैसे कमरेला होते. बसताना ते मला टोचत होते. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, समोरच्या काठाकडं बघत होती, आणि उत्तराची वाट बघत होती. इतकी वर्षं बघत होती.

"भिवंडीलाच जाणार हुतो," मी म्हणालो. "मामानं तिथं आधीच काम बघून ठेवलं हुतं. माल चांगला गेला असता तर त्याच आठवड्यात गेलो असतो."

"म्हंजी जाणारच हुतास."

"जाणारच हुतो."

तिनं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले तिचे. "मग माजं काई चुकलं न्हाई," ती म्हणाली, मला नाही, स्वतःलाच. "मला वाटायचं, मीच घालवलं तुला. रात रात झोप लागायची न्हाई."

"तुजं काई चुकलं न्हाई, हौसा."

मग ती बोलायला लागली, पूर्वीसारखी. पल्याडच्या वस्तीतला कोण पंच कसा होडीतून पडला ते सांगितलं, आणि मी हसलो. काठ आला. मी उतरलो, गाठोडं घेतलं. ती म्हणाली, जपून जा, आणि मामाच्या घरी खाऊनपिऊन राहत जा, अशी काडी होऊ नको. मी हो म्हणालो. तिची होडी वस्तीकडं वळली तशी मी सडकेला लागलो आणि एस.टी.ची वाट बघत उभा राहिलो.

भिवंडीत माझा कुणी मामा नव्हता. कुठंच नव्हता.